दोन हातांचा घडा

१२ जानेवारी

ताई,

साष्टांग नमस्कार वगैरे तू धरून चाल. हात मातीने भरलेत आणि कागद आधीच लडबडलाय.

तुझं पाकीट मिळालं. तुमच्या संग्रहालयाच्या फळ्यावरची सूचना तू स्वतःच्या हाताने उतरवून पाठवलीस, म्हणजे निदान तू तरी माझ्या नावावर अजून पाणी सोडलेलं नाहीस. समुद्रापलीकडची भांडीशाळा, वर्षभर तिथे राहायचं, शिकायचं, त्यांच्या भट्ट्या वापरायच्या. एकट्याने या किंवा जोडीने या. फक्त स्वतः घडवलेलं एक भांडं मार्चअखेरपर्यंत तुमच्या संग्रहालयात पोचवा. 'जोडीने' हा शब्द वाचून मी ताडकन उठलो तो थेट चकमकवर आदळलो. तिच्या कपाळाला टेंगूळ आलंय. म्हणाली, "जोडीने जायचं तर आधी चालायला शीक."

तू तिला ओळखत नाहीस म्हणून सांगतो. ती माझ्याआधी दोन वर्षं इथे शिकतेय. सगळे तिला चकमक म्हणतात. तिच्या खिशात भांडी घोटायची एक गुळगुळीत गारगोटी कायम असते, हे एक कारण. दुसरं म्हणजे तिच्याशी कुणी घासलं की ठिणगी उडते. मी कॉलेज अर्ध्यावर टाकून इथे आलो ते मातीसाठी, असं अण्णांना सांगितलंय. तुला खरं सांगतो, आधी ती दिसली, मग माती दिसली. पण आता माती सुटत नाही, हेही तितकंच खरं.

आमचा बेत ऐक. कोरियातले जुने कुंभार मोठा गोल घडा एका दमात घडवत नसत. दोन खोल वाडगे करून एकावर दुसरा पालथा घालत आणि पोटाशी सांधत. मेक्सिकोतले कुंभार भांडं घोटून घोटून चकचकीत करतात आणि धुरात कोंडतात, की ते काळंभोर होऊन निघतं. आम्ही दोन्ही रीती एका घड्यात आणणार. खालचा वाडगा माझा, वरचा तिचा. आमच्या बाई, म्हणजे या भांडीशाळेच्या मालकीण, अर्धं जग हिंडून या रीती शिकून आल्यात. त्या म्हणाल्या, "दोन गावच्या रीती एका पोटात कोंबू नका, बिघडेल."

"कुणाचं पोट, बाई?" चकमकने विचारलं.

"घड्याचं. तुमचं काय बिघडायचं ते बिघडलेलंच आहे."

तुमच्या कोठीत असा एक जुना घडा आहे असं तू म्हणाली होतीस. त्याचा सांधा आतून कसा दिसतो ते आम्हाला हवंय. चकमकला तुझा पत्ता दिलाय, ती लिहील. नीट वाग तिच्याशी. इतक्यात नणंद होऊ नकोस.

तुझा,
भडकू

२४ जानेवारी

चि. भडकू,

आशीर्वाद. तुझ्या कागदावरची माती झटकली नाही. इथे मातीच्या कणालाही नोंदणी क्रमांक देतात, तुझीही कधीतरी सोय होईल.

घरात तू ठिणगी, तिकडे चकमक. आग विझवायला कुणी ठेवलंय का?

तिचं पत्र आलं. घड्याच्या सांध्याचं चित्र काढून पाठवलंय, ते इतकं नेमकं आहे की मी टेबलाच्या काचेखाली सरकवलं. आज कोठीतला घडा काढून मी आत हात घातला. बाहेरून सांधा घासून साफ केलाय, पण आत मातीची एक वळी तशीच उभी आहे, अंगठ्याने दाबत गेल्याच्या खुणांसकट. आत कोण बघतंय, असं त्या कुंभाराला वाटलं असेल. एक मात्र लक्षात ठेव. दोन्ही अर्ध्यांत ओल सारखी हवी. एक ओला आणि एक कोरडा असला की वाळताना दोघांची ओढाताण होते आणि सांध्यालाच फट पडते. माझ्याकडे दुरुस्तीला येणारी निम्मी भांडी अशीच गेलेली असतात.

अण्णा तुझा विषय काढत नाहीत. मात्र तुझी सायकल दर रविवारी पुसतात आणि पुसताना तिला शिव्या देतात. आई म्हणते, ताई आहे ना, ती बघेल. तुझ्या कॉलेजात विचारून ठेवलंय. जूनपर्यंत जागा धरू म्हणालेत. चिडू नकोस. तू अजून कच्चं मडकं आहेस, आणि कच्चं आहे तोवरच आकार बदलता येतो, एवढंच म्हणतेय.

तुझी,
ताई

१७ फेब्रुवारी

ताई,

पहिला घडा गेला. तू लिहिलं होतंस तसाच गेला. माझा वाडगा खिडकीपाशी होता, तिचा कोपऱ्यातल्या मांडणीवर. सांधला तेव्हा दोन्ही शहाण्यासारखे बसले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पोटावर करवतीने कापल्यासारखी फट. मी डोक्यात राख घालून तो उचलला आणि अंगणात आपटला. चकमक खळी, म्हणजे सांध्याला लावायची पातळ माती, ढवळत होती. हात पुसून आली, तुकडे पाटीत भरले आणि म्हणाली, "झालं? आता चहा पी आणि माती मळ." तिच्या जागी कॉलेजातले सर असते तर वर्गाबाहेर उभा असतो.

दुसऱ्या वेळी दोन्ही वाडगे एकाच फळीवर, एकाच ओल्या फडक्याखाली ठेवले. सांधताना मी खालचा धरून बसलो, तिने वरचा उतरवला. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून एवढासा लांब, आणि तिचं सगळं लक्ष मातीत. तेवढ्यात मी विचारून टाकलं. लग्नाचं. दुसरं काय!

ती मान वर न करता म्हणाली, "हात हलवू नकोस." मग सांधा पुरता दाबून झाल्यावर म्हणाली, "तिकडे वर्षभर माझ्याबरोबर राहून दाखव. भांडणाशिवाय नको, भांडून राहून दाखव. मग विचार." हे हो नाही, मला कळतं. पण नाहीही नाही! मी त्या दिवशी वखारीपर्यंत पळत जाऊन आलो, काही आणायचं नसताना.

आता काम. भट्टीवाले काका महिनाअखेरीस धुराचा खड्डा पेटवणार आहेत. ते म्हणतात, घडा भट्टीच्या भिंतीशी ठेव, उबेने लवकर वाळेल, याच खेपेला घालू. पुढचा खड्डा थेट मार्चच्या मध्यावर. मला वाटतं, उरकून टाकावं. चकमक म्हणते, तुझ्या ताईला विचार, त्यांनी फटी बघण्यात जन्म घालवलाय. तू म्हणशील तसं करू.

भडकू

२५ फेब्रुवारी

चि. भडकू,

घाई अजिबात करू नकोस. उबेने घडा बाहेरून वाळतो आणि सांध्याची वळी आत ओलीच राहते. तशात खड्ड्यात घातलास तर ती वाफेने फुटेल. फडक्याखाली सावकाश वाळू दे, मग घोट, आणि पुढच्या खेपेला घाल. मार्चअखेर लांब आहे. भांडं झालं की लगेच कळव.

चकमकला वेगळं लिहिते आहे, तिने खळीबद्दल विचारलं होतं. शहाणी मुलगी आहे. तिच्या मागे लागू नकोस, तिला तिचा विचार करू दे.

डोकं थंड ठेव.

ताई

१४ मार्च

ताई,

सगळं संपलं.

परवा सकाळी खड्डा लावला. मधोमध आमचा घडा. घोटून घोटून असा झाला होता की त्यात खिडकी दिसायची. बाजूला जागा उरली म्हणून चकमकने आपला तळहाताएवढा वाडगा ठेवला. लाकूड पुरतं पेटल्यावर वर ओला भुसा आणि त्यावर मातीचा जाड थर. आता धूर आत कोंडून राहायचा आणि खड्डा गार होईपर्यंत त्याला बोटही लावायचं नाही. भांडी तापलेली असताना वारा शिरला तर काळा रंग जळून जातो, हे इथल्या मांजरालाही ठाऊक आहे. दुपारी बाईंनी मला माती आणायला खाणीवर पाठवलं. गाडी बिघडली, रात्री तिथेच अडकलो.

काल सकाळी आलो तर खड्ड्याचा एक कोपरा उकरलेला. वरून माती ओढून घाईघाईने बुजवलेला. मी हातांनीच उपसला. घडा एका बाजूला काळा आणि दुसऱ्या बाजूला विटेसारखा लाल, मध्ये खरजेसारखे डाग. गार वारा लागून सांधाही तडकलाय. आमचाच सांधा, ताई. तिचं आणि माझं जिथे भेटत होतं नेमकं तिथे.

खड्ड्यावर काका होते. मी विचारलं. म्हणाले, "संध्याकाळी तासभर घरी गेलो होतो. पोरीला बसवून गेलो होतो." मी म्हटलं, तिचं नाव घेऊ नका. भुशाचा एक झाकणाचा डबा कोपऱ्यात होता. तापलेलं भांडं चिमट्याने उचलून त्यात टाकलं आणि झाकण लावलं की काळं ते काळंच राहतं. ही रीतही बाईंचीच. डब्यातला भुसा जळलेला होता, आणि चकमकचा वाडगा खड्ड्यात नव्हता. म्हणजे कुणीतरी आपल्यापुरतं एक भांडं वाचवून काढलं! मी काकांना सगळ्यांसमोर म्हटलं, किती दिवस चाललाय हा धंदा, इथलं भांडं तिथे विकायचा? ताई, म्हाताऱ्याने चपला घातल्या, उलट्या पायांत घातल्या, आणि गेला. बाई मला म्हणाल्या, "आज तू माझ्यासमोर येऊ नकोस."

चकमक इथे नाही. पहाटेच मावशीकडे गेली म्हणे, निरोपही नाही. तिला कळेल तेव्हा तिचं काय होईल?

दुसरा घडा महिनाअखेरपर्यंत उभा राहील का? उबेने वाळवला तर? काहीतरी सांग.

भडकू

२० मार्च

चि. भडकू,

तुझं पत्र मिळालं. वाईट झालं. पण मी तुझी मोठी बहीण आहे, खरं तेच सांगेन. घाईत उभा केलेला घडा टिकत नाही. शिवाय आता मुदतही टळून गेली, त्याचा विचार सोड. काकांशी असं बोलायला नको होतंस.

घरी ये. चार दिवस झोप काढ, आईच्या हातचं खा. कॉलेज जूनमध्ये उघडतंय. माती कुठे पळून जात नाही.

ताई

२ मे

भडकू,

लिहायचं नव्हतं. इथे समुद्रापलीकडे येऊन महिना होत आला, आणि रोज चाकावर बसले की तुझ्याशी मनात भांडते. ते भांडण एकदा कागदावर उतरवून मोकळी होते.

कॉलेजला परत जायचं ठरवलंस, हरकत नाही. माणसाचं मन बदलतं. पण ते मला तुझ्या बहिणीकडून कळावं? मुदत पंधरा मार्चवर आली हे त्यांनी फेब्रुवारीतच आपल्याला दोघांना कळवलं. त्याच पत्रात त्यांनी मला लिहिलं की तू जायचा विचार सोडलायस, मला सांगायला तोंड होत नाही म्हणून घड्याचं नाटक लांबवतोयस, आणि मी विषय काढला तर तू भडकशील. मी वाट पाहिली. रोज फडकं ओलं करायचास, मार्चअखेर मार्चअखेर म्हणायचास. मी तुझ्याकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, किती गोड खोटं बोलतो हा.

खड्डा मी उघडला. काका मला बसवून गेले होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघाले नसते तर माझा वाडगा मुदतीत संग्रहालयात पोचला नसता. घडा बिघडणार हे मला माहीत होतं. तुला तो नकोच होता, असं वाटलं, म्हणून उकरताना थांबले नाही. बुजवताना मात्र घड्याकडे बघितलं नाही.

इथली माती लालसर आहे, चाकावर ऐकत नाही. मी तिच्यावर चिडते तेव्हा इथले लोक हसतात आणि त्यांच्या भाषेत मला काहीतरी म्हणतात. ते चकमकच असणार.

काकांना माझा नमस्कार सांग. तुला सांगत नाही.

चकमक

९ मे

ताई,

तिचं पत्र सोबत जोडतोय. नीट वाच. अक्षर छान आहे, तुला आवडतं.

मार्चमधलं तुझं पत्रही काढून पुन्हा वाचलं. वीस तारखेला लिहितेस, मुदत टळून गेली. मी ती ओळ तेव्हा वाचली होती आणि पुढे गेलो होतो. लहानपणापासून तू सांगायचीस, मी ऐकायचो. रस्ता ओलांडताना हात धरायचीस, मी गाड्यांकडे कधी बघितलंच नाही.

सावकाश वाळू दे. घाई करू नकोस. पुढच्या खेपेला घाल. मी बाईंकडे गेलो आणि विचारलं, हा सल्ला खरा होता की खोटा? त्या म्हणाल्या, "खरा. मीही हेच सांगितलं असतं." ताई, हे जास्त लागलं. खोटं बोलून फसवलं असतंस तर मी चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. तू खरं बोलून फसवलंस. केसाने गळा कापलास, आणि तो केसही असा निवडून घेतलास की मी त्याला हातच लावू नये.

काकांच्या घरी गेलो होतो. पायावर डोकं ठेवायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. "भट्टीला माणूस बघा दुसरा," म्हणाले, आणि दार लावलं. सावकाश लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

आणि ती! तिने मला एकदा विचारलं असतं. एकदा. "भडकशील" म्हणे. भडकलो असतो, छप्पर उडवलं असतं, आणि दोन मिनिटांत तुझं सगळं उघडं पडलं असतं. तुला माझा राग माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. तू त्याचंच कुलूप केलंस.

का? एवढंच लिही. उपदेश नको.

१६ मे

भडकू,

सूचना मी पाठवली तेव्हा मला वाटलं होतं, तू चार दिवस उड्या मारशील, मडकं फुटेल, आणि आपण किती पाण्यात आहोत ते तुझं तुला कळेल. मग तिचं चित्र आलं. मी भांड्यांत आयुष्य काढलंय. ते बघताच कळलं की हा घडा उभा राहणार आणि तुम्ही दोघं जाणार. तुला जाऊ देणं माझ्याने झालं नाही. तू कशातही उडी मारतोस आणि मग तुला काढायला घरातल्यांनी धावायचं, हे मी फार वर्षं बघितलंय. अण्णांचं वय झालं. धावायला आता मीच उरलेय.

मुदत अलीकडे आणल्याचं पत्र संग्रहालयात आलं, तेव्हा मी ते दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. तिला कळवलं, कारण तिचं नुकसान करायचं मनात नव्हतं. तुला नाही कळवलं. खड्डा ती उघडेल असं स्वप्नातही नव्हतं. घडा तडकावा असं मला कधी वाटलं नाही रे. घडा मला पाठव, मी जोडून देते. कुठे तडा होता ते तुलाही सापडणार नाही.

चकमकला मी सगळं खरं लिहून कळवते. तू मात्र आईला काही सांगू नकोस. तिला आपल्या दोघांचाच आधार आहे. तुझ्या बाबतीत ती माझ्यावर डोळे मिटून विसंबते, तेवढं तरी राहू दे.

चुकले. पण तू घरी यावास म्हणूनच.

ताई

२८ मे

ताई,

घडा पाठवणार नाही. जोडण्यात तू हुशार आहेस, सगळ्यांना माहीत आहे. माझा तडा मला दिसलेला बरा.

चकमकला काही लिहू नकोस. हे मी तुझ्यासाठी सांगत नाही. ती तिकडे नव्या मातीशी झगडतेय. आता तिला कळलं की मी खोटा नव्हतो आणि तिने खरा घडा मोडला, तर ती चाकावरून उठेल आणि तिकीट काढून परत येईल. मी तिला ओळखतो. तू तिला ओळखायला वेळच घेतला नाहीस. ती मला लबाड समजतेय तोवर तिथे टिकेल. वर्ष पुरं झाल्यावर मीच सांगेन, किंवा सांगणार नाही. रोज सकाळी वाटतं सांगून टाकावं. मग हात मातीत घालतो.

कॉलेजला येत नाही. बाईंनी ठेवून घेतलंय, पण चाकावर बसायची मनाई आहे. काका येत नाहीत, म्हणून खड्डा आणि भट्टी मी सांभाळतो. गेल्या दोन्ही खेपांना मी खड्ड्याजवळून हललो नाही. कुणाला क्षणभरही बसवून गेलो नाही. बाई म्हणाल्या, जेवून ये, मी आहे. मी म्हटलं, नको.

आता आईचं. तिचं पत्र आलं होतं, विचारत होती की परदेशी जायचं काय झालं, ताई काही बोलत नाही. मी उत्तर पाठवलं. घाबरू नकोस, तुझं नाव सांभाळलंय. लिहिलं की जायचं मीच रद्द केलं, माझं मन बदललं, चकमकला सांगायला तोंड होत नव्हतं म्हणून मी काम लांबवत राहिलो. ताईने फार समजावलं, पण मी ऐकलं नाही. तू चकमकला जे लिहिलंस ते सगळं, जवळजवळ तुझ्याच शब्दांत. आता ते माझ्या अक्षरात आहे, म्हणजे खरंच झालं.

सुट्टीत घरी जाशील. आई जेवणं झाल्यावर चष्मा लावेल आणि पत्र मोठ्याने वाचून दाखवेल, ती वाचते तशी, एकेक ओळ दोनदा. वाचून झाल्यावर म्हणेल, "बघ गं, तू एवढं केलंस त्याच्यासाठी."

तेव्हा समोर बस. उठून आत जाऊ नकोस.

भडकू